काळ्याकडं जेल, लालाकडं कागद

सबंध मुळशी तालुक्यात मे महिन्याच्या दुपारी स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून फिरणारी व्यक्ती एकच होती, आणि ती माझी बॉस होती. उरवड्याच्या आमच्या लॅबमध्ये हृदयाच्या स्नायूंवर संशोधन करणाऱ्यांसाठी प्रोटीनं तपासून दिली जातात. आमच्या या मुख्य शास्त्रज्ञ मूळच्या पौडच्या. सगळे त्यांना आपा म्हणत. त्यांचा दिवस कोल्डरूममध्ये जायचा, म्हणून स्वेटर. लॅबसमोरच्या चहाच्या टपरीवरचे मामा रोज विचारत, "आपा, थंडी वाजतीया व्हय?" आपा रोज सांगत, "हृदय सांभाळतीया बाबा, गरम करून चालत न्हाई."

आपा ग्राहकांशी झुळझुळीत इंग्रजी बोलत आणि नमुन्यांशी पौडचं मराठी. कोरड्या बर्फात आलेला डबा उघडला की म्हणत, "आलास व्हय? लई लांबनं आलास. आता हितंच ऱ्हायाचं." आणि लगेच त्याला उणे ऐंशी अंशांच्या फ्रीजरात ठेवून देत. मला हसू यायचं, पण मी ते मास्कमध्ये ठेवायची.

त्यांचा एकच नियम मला जड जायचा. प्रोटीनं जेलमधून, म्हणजे जेलीसारख्या पातळ चकतीतून, एका खास कागदावर उतरवताना जेल आणि कागद एका चपट्या डबीत बसवून ती टाकीत उभी करतात; डबीची आणि टाकीची, दोन्हींची एक बाजू काळी, दुसरी लाल. वीज सुरू झाली की प्रोटीनं काळ्या बाजूकडून लाल बाजूकडे पळतात. डबी उलटी लागली तर कागदावर काहीच येत नाही, सगळं टाकीतल्या पाण्यात जातं. म्हणून बटण दाबण्याआधी प्रत्येकानं ओरडायचं, "काळ्याकडं जेल, लालाकडं कागद!" त्यावर आपा ओरडणार, "ऐकू आलं!" मी पुटपुटायची. "पोरी, प्रोटीनला कान न्हाईत, मला हायेत," आपा म्हणत. मग मी पुन्हा पुटपुटायची.

एकदा एका रुग्णाच्या हृदयाचा तांदळाएवढा तुकडा आला होता. शस्त्रक्रियेत निघालेला, दुसरा मिळणार नव्हता. पहिल्या दोन जेल फाटल्या, आता उरलेलं सगळं या तिसरीत होतं. नेमका तेव्हाच संशोधक डॉक्टरांचा फोन आला. कामात कधी फोन न घेणाऱ्या आपांनी तो घेतला, खांद्याशी धरला, बोलता बोलता डबी टाकीत सोडली आणि बटणाकडे हात नेला. घोषणा राहिलीच. डबीची काळी बाजू टाकीच्या लाल बाजूकडे होती.

"आपा, उलटंय!"

तो आवाज माझा होता. बाहेर मामांनी टपरीतून मान वर केली म्हणे. आपांनी डबी पाहिली, फोन ठेवला, डबी फिरवली. मग माझ्याकडे वळून, सावकाश, "ऐकू आलं!" आणि पाठोपाठ, "एवढा आवाज कुटं ठेवला व्हतास गं?"

दुसऱ्या दिवशी कागदावर प्रोटीनची पट्टी उमटली, बारीक, पण स्वच्छ. आपांनी साऱ्या लॅबला मामांचा चहा पाजला आणि स्वतःचा नेहमीसारखा गार करून प्यायल्या.

यंदा आपा निवृत्त होऊन पौडला गेल्या. स्वेटर मात्र कोल्डरूमच्या खुंटीवर ठेवून गेल्या. आता तो मी घालते. मामा मलाही थंडीचं विचारतात. बटण दाबण्याआधी मी मोठ्यानं ओरडते, "काळ्याकडं जेल, लालाकडं कागद!" क्षणभर थांबते. आणि मग, कोणी जवळ नाही असं बघून, हळूच म्हणते, "ऐकू आलं."