मागच्या सीटवरचा नातू

धामणगाव बढ्याच्या महामायाबाईंना नातू नाही. मुलगी पायल अमरावतीला नर्सिंग शिकते, तिच्या लग्नाचा अजून विषयही निघालेला नाही. तरी बाईंच्या दुकानात गाडीची काच बसवायला आलेल्या प्रत्येकानं त्यांचा नातू झोपलेला पाहिला आहे. पाच वर्षं झाली, तो आहे तेवढाच आहे. कधी रडला नाही, कधी कूस बदलली नाही. असं गुणी लेकरू उभ्या मोताळा तालुक्यात शोधून सापडायचं नाही, कारण तो लाल भोपळा आहे. त्याला लोकरीची टोपी घालायची, दुपट्यात गुंडाळायचं, मागच्या सीटवर ठेवून पट्टा लावायचा, की झाला नातू. जुना झाला की त्याची भाजी होते आणि बाजारातून दुसरा येतो.

या नातवाचा जन्म आपल्याच लोकांच्या हातांमुळे झाला. इकडची सगळी माणसं काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांत बसून मोठी झाली. त्या जीपचं दार धाडकन आपटल्याशिवाय लागायचं नाही, आणि नाही लागलं तर ड्रायव्हर सगळ्यांदेखत बापाचा उद्धार करायचा. जीपा गेल्या, बोटानं लावावीत अशा दारांच्या गाड्या आल्या, पण हात तेच राहिले. आता नव्या गाडीची मागची काच काही रबरात अडकवलेली नसते. काळ्या, चिकट पेस्टनं ती चौकटीला डकवलेली असते. पेस्टनं पक्कं धरायला चार तास हवेत, असा बाईंचा नियम. तेवढ्यात खिडक्या बंद ठेवून कोणी दार आपटलं, की आत कोंडलेली हवा काचेलाच बाहेर ढकलते. बाईंनी हे समजावून सांगायचं, लोकांनी ‘हाव ताई’ म्हणून मान डोलवायची, आणि पाणी प्यायला उतरताना धाडकन. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

बाई काच कापायला शिकल्या त्या नवऱ्याच्या, प्रसेनजितच्या फोटोफ्रेमच्या दुकानात. वर्षभरात त्या नवऱ्यापेक्षा सरळ कापायला लागल्या आणि नवऱ्यानं ते भांडण न करता कबूल केलं. असे नवरे थोडे. मग अकोल्याला तीन महिने राहून त्या गाडीच्या काचा बसवायला शिकून आल्या. पहिलंच मोठं काम एका मास्तरांच्या गाडीचं. मास्तर अर्ध्या तासात गाडी घेऊन गेले, मोताळ्यात उतरताना दार आपटलं आणि काचेचा एक कोपरा उचलला. पुरुषानं बसवलेली काच उचलली तर लोक रस्त्याला नावं ठेवतात. ही मात्र ‘बाईनं बसवलेली’ होती. आठ महिने एक गाडी दुकानापुढे थांबली नाही. बाई फ्रेमा पुसत बसायच्या आणि आतल्या आत जळायच्या. पुन्हा एक काच उचलली तर आपलं काम कायमचं बसलं, ही धास्ती त्यांच्या मनातून अजून गेलेली नाही.

पुढे एकदा शेजारणीचं लेकरू खरोखरच एका गाडीत झोपलं होतं. आडदांड ट्रॅक्टरवाला त्या गाडीचं दार लावताना श्वास रोखून उभा राहिलेला बाईंनी पाहिला. ज्यांना पेस्ट समजत नाही त्यांना लेकरू समजतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी भोपळा आणला.

गेल्या मार्गशीर्षात सकाळी आठलाच पंजाबराव आले. चांगले वीस एकरांचे धनी, साठीचे, आवाज असा की पलीकडच्या शिवारातली ढोरं मान वर करतील. फवारणीचा पंप गाडीत मागे टाकला होता, त्याची नळी बाहेर डोकावत होती. ती न पाहताच पंजाबरावांनी मागचं दार आपटलं आणि काचेची खडीसाखर झाली. गावात मात्र त्यांनी माकडाचं नाव सांगितलं होतं. माकडानं काही तक्रार केली नाही. दुपारी चारला संग्रामपूरला पुतण्याचा साखरपुडा होता आणि पंजाबरावांशिवाय सुपारी फुटणार नव्हती.

बाईंनी चुरा झाडून काढला, जुनी पेस्ट पातीनं तासली, चौकट पुसून काळा प्रायमर मारला. मग बंदुकीसारख्या पंपानं नव्या पेस्टची दोरी एका दमात, कुठंही न तुटता फिरवली. काच उचलायला एक बाजू पंजाबरावांना धरायला लावली. काच बसली, पट्ट्या चिकटवल्या, तेव्हा दहा वाजले होते. बाईंनी खिडक्या चार बोटं उघड्या ठेवल्या, किल्ली गल्ल्यात टाकली आणि दोनपर्यंत गाडी हलणार नाही म्हणून सांगितलं. पंजाबरावांनी बाराला सोडा म्हणून पाहिलं, साडेबारापर्यंत आले, मग फुरंगटून समोर कचरूच्या हॉटेलात चहाला गेले. तेवढ्यात बाईंनी नातवाला मागच्या सीटवर निजवलं.

बाराला त्या भाकर खायला आत गेल्या. हात धुऊन बाहेर येतात तो दारच्या लिंबाच्या सावलीत उभी केलेली गाडी नव्हती. गल्ल्यातली किल्ली जागच्या जागी होती. दुसरी किल्ली पंजाबरावांच्या खिशात असेल, हे आपल्याला सुचू नये याचा बाईंना संताप आला. फोन लावला, तो वाजत राहिला. पुढचा रस्ता खड्ड्यांचा, त्यात कुठंतरी हा माणूस उतरणार आणि दार आपटणार. मग संग्रामपूरच्या मांडवात दोनशे पाव्हण्यांसमोर काच कोणी बसवली म्हणून विचारणा होणार. ते आठ महिने पुन्हा दारात येऊन उभे राहिल्यासारखं बाईंना वाटलं. भोपळा गेला याची त्यांना आठवणही नव्हती.

अर्ध्या तासानं मोताळ्याच्या बाजूनं गाडी परत येताना दिसली. बैलगाडी तिला मागे टाकून पुढे गेली. हॉर्न नाही, गाणं नाही, मागे तीन मोटारसायकली खोळंबलेल्या. पंजाबराव सावलीत येऊन थांबले, उतरले, आणि दार दोन्ही हातांनी असं लावलं की त्याचा आवाज दाराला तरी आला असेल की नाही. चेहरा पांढराफटक पडला होता.

“ताई, मले लेकराचं मालूम नव्हतं,” ते कुजबुजले. त्यांना कुजबुजता येतं हे त्या दिवशीच उघड झालं. “आरशात पायलं त मांगं टोपडं. पोरं पळवणारा समजून लोक आधी मारते, मंग नाव पुसते. म्या फोनबी उचलला नाही, ते जागं होईन म्हणून.”

बाईंना आता सगळं कळलं. चोरून न्यायची म्हणून या माणसानं जाताना दार हळू लावलं होतं, आणि लेकरू दिसल्यावर येताना गाडी फुलासारखी आणली होती. त्यांनी काचेच्या चारही कडांवरून बोट फिरवलं. काच केसभरही हलली नव्हती. हसू असं उसळलं की त्यांनी पदर तोंडात धरला, आणि पंजाबरावांना वाटलं बाई रडतात. ते आणखीच खचले.

“निजू द्या त्याले,” बाई कशाबशा म्हणाल्या. “दोन वाजेपर्यंत तुमीच बसा राखत.”

पंजाबराव बसले. दोन वाजेपर्यंत दाराशी स्टूल टाकून, माशा वारत बसले. दुपटं सरकवून तोंड पाहायची हिंमत मात्र त्यांनी केली नाही. कचरूनं हॉटेलातून हाक मारली तर त्याला डोळे वटारून गप्प केलं. दोनला बाईंनी नातवाला उचलून खांद्यावर घेतलं, थोपटत आत नेलं, आणि पंजाबराव चारला संग्रामपुरात पोचले.

तिसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, या वेळी बायकोला, कलाबाईंना घेऊन. कलाबाईंच्या हातात नवं झबलं-टोपडं होतं. आपल्या माणसानं परक्याचं लेकरू उन्हात हिंडवलं, तर त्याचं तोंड पाहून हातावर काहीतरी ठेवायला हवं, असं त्यांचं म्हणणं. महामायाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या, लेकरू निजलंय म्हणाल्या, सर्दी आहे म्हणाल्या. कलाबाई ‘मी आवाज करत नाही’ म्हणत बाजूनं आत शिरल्या.

आत कोपऱ्यात नातू पालथा पडला होता आणि टोपी घसरली होती.

कलाबाईंनी खाली पाहिलं, मग महामायाबाईंकडे पाहिलं. बाईंना पुढचं सगळं दिसलं. ही आता बाहेर जाऊन सांगणार, संध्याकाळपर्यंत तालुक्याला कळणार, आणि उद्यापासून पुन्हा धाडकन. कलाबाई मात्र खाली बसल्या. त्यांनी टोपी सारखी केली, आणलेलं टोपडं वरून बांधलं आणि गाठ नीट बसली की नाही ते पाहिलं.

“तीस वर्सं झाले,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, “मी ह्यायले दार हळू लावाले सांगून राह्यली. परवापासून घरचं कपाटबी हळू लावते मानूस. हे लेकरू मोठं नोको होऊ देजा, बाई.”

बाहेर पंजाबराव अधीर होऊन उभे होते. कसं आहे लेकरू, त्यांनी हळूच विचारलं.

“गोल गरगरीत हाय,” कलाबाई गाडीत बसत म्हणाल्या. “डोक्शानं थेट तुमच्यावानी.”

पंजाबराव खूश झाले आणि त्यांनी दार हळूच लावलं.