घूंगुरुजींचा बोलका बेस

आमच्या घूंगुरुजींचा सत्कार करणं हे मोठं अवघड काम होतं. शाल घेऊन कुणी पुढे आलं की ते नुसता डावा खांदा पुढे करायचे. नारळ कोपरात धरायचे, गुच्छ काखेत. उजवा हात मात्र गिटारच्या तारांवरून काही केल्या उठायचा नाही. एका जयंतीला नव्या सरपंचबाईंना हा उद्धटपणा वाटला. त्या म्हणाल्या, "गुरुजी, दोन्ही हातांनी घ्या की." गुरुजींनी त्यांचा मान ठेवून हात उचलला आणि स्पीकरमधून असा काही 'घूंऽऽ' निघाला, की सरपंचबाई नारळासकट दोन पावलं मागे सरकल्या. गुरुजींनी घाईने तारा धरल्या. आवाज बसला. नारळ पुन्हा कोपरातच गेला.

त्यांच्याकडे बेस गिटार होती. चार जाड तारांची, खालच्या सुरात घुमणारी. आम्ही तिला नुसतं 'बेस' म्हणायचो. तिच्यात कुठेतरी बिघाड होता. तारांवर हात असला की गप्प, हात काढला की ती आपणहून घुमायला लागायची. गुरुजी म्हणायचे, "त्याला एकटं ठेवलेलं चालत न्हाय." ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, पण घूंगुरुजी हे नाव त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांनी पाडलं होतं, आणि तोंडावर हाकही ते त्याच नावाने मारायचे. गुरुजी ओ द्यायचे.

रेवदंड्याजवळच्या आमच्या वाडीत बौद्धविहाराची गायन पार्टी होती. गुरुजी बेसवर, त्यांची बायको नलूकाकू मुख्य गायिका, सुन्या साउंडवर आणि मी कीबोर्डवर. म्हसळ्याला बदली होईपर्यंत माझे सगळे रविवार त्या पार्टीतच गेले. बेस गुरुजींना कोर्लईच्या एका मित्राने गाव सोडताना दिला होता. आमची हवा खारी, लोखंड म्हणून काही टिकत नाही. स्क्रू गंजले, बटणं खरखरायला लागली. गुरुजी कार्यक्रम संपला की पाणी प्यायच्या आधी काकूंच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने एकेक तार पुसायचे. गोठ्यातल्या म्हशीचीसुद्धा इतकी बडदास्त कुणी ठेवत नसेल.

त्या घूंवरून आम्ही पुष्कळ बोलणी खाल्ली. कोळीवाड्यात एका हळदीला गेलो होतो, तिथे एक म्हातारा नाखवा मांडवात येऊन शांतपणे म्हणाला, "गुरुजी, गाना चांगला हाय. पन तुमच्या होडीचा मशीन चालूच ऱ्हायलाय, तो बंद करा." गुरुजी सगळ्यांत मोठ्याने हसले. बंद मात्र काही केलं नाही.

सुन्या त्यांच्या मागे हात धुऊन लागला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. एक तर तारांखालचा पिकअप, म्हणजे आवाज पकडणारं लोहचुंबक, नवीन बसवायचा आणि आतली वायरिंग बदलायची. नाहीतर हे धूड विकून टाकायचं आणि दुसरा बेस घ्यायचा. गुरुजी मान डोलवायचे. "पावसाळ्यात लाकडाला हात लावू नये," असं म्हणून पावसाळा काढायचे. दिवाळीनंतर विचारलं की, "आता कार्यक्रम सुरू होतील, मधेच कुठे उघडून ठेवू?" जयंती झाली की उन्हाळा. उन्हाळ्यात म्हणे लाकूड तडकतं. या लाकडाला मानवेल असा एकही ऋतू कोकणात नव्हता.

एकदा सुन्याने अलिबागहून एक गिऱ्हाईकच आणून उभं केलं. गुरुजींनी त्या मुलाला ओटीवर बसवलं, बेस जोडला आणि स्वतः हात काढून भरपूर वेळ घूं ऐकवलं. वर बटणांची खरखर, वाकलेली मान, गंजलेले स्क्रू, सगळं एकेक करून दाखवलं. मुलगा निघाला तेव्हा गुरुजींनी त्याला चहा पाजला, वर सुकट बांधून दिली. इतक्या आनंदात वस्तू न विकणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला कळत नव्हती. एरवी सत्कारालाही तारा न सोडणारा हा माणूस नेमका काकूंच्या गाण्याआधी हात उचलायचा. दर वेळी. काकू अनवाणी, डोळे मिटून, एक पाऊल अँपला टेकवून उभ्या असायच्या. अँप म्हणजे बेसचा आवाज मोठा करणारा तो खोका. मी म्हणायची, "काकू, पाय काढा, शॉक बसेल." त्या म्हणायच्या, "बसू दे. तेवढीच ऊब." मग सभाभर घूं पसरायचं, सुन्या कपाळाला हात लावायचा आणि काकू गाणं उचलायच्या. सूर असा लागायचा की पुढच्या रांगेतली बडबड थांबायची.

मग जयंतीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग करायचं ठरलं. तिथे घूं चालणार नव्हतं. सुन्याने अलिबागहून एक नवाकोरा बेस मागून आणला आणि आम्ही विहारात तालमीला जमलो. बेस जोडला. काय शांतता. गुरुजींचा चेहरा मात्र उतरलेला. काकू नेहमीसारख्या पाऊल टेकवून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. गुरुजींनी हात उचलला. काहीच वाजलं नाही. काकू तशाच उभ्या. मी कीबोर्डवर सा दिला. तरी तशाच.

"काकू, घ्या," सुन्या म्हणाला.

त्यांनी डोळे उघडून गुरुजींकडे पाहिलं आणि गाणं सुरू केलं. तो सूर माझ्या कीबोर्डच्या आसपासही नव्हता. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. त्या हसून म्हणाल्या, "आज घसा धरलाय." घसा चांगला ठणठणीत होता.

गुरुजींनी वायर काढली, आपल्या जुन्या बेसला लावली आणि हात उचलला. घूंऽऽ. काकूंनी डोळे मिटले आणि नेमक्या त्या सुरावर उतरल्या.

गाणं संपल्यावर गुरुजी खाली बघत म्हणाले, "तिला जवळून बोललेलं कळतं, पण पेटी ऐकू येत न्हाय. कीबोर्ड न्हाय. हा येतो. पायातून वर चढतो म्हणते. तुम्हांला सांगितलं असतं तर तुम्ही तिला घरी बसवली असती." मग सुन्याकडे वळून म्हणाले, "आता सांग, काय बदलू?"

सुन्या उठून बाहेर गेला. त्यानंतर त्याने पिकअपचं नाव काढलं नाही. रेकॉर्डिंग घूंसकट झालं आणि सुरुवातीचा तेवढा भाग सुन्याने मागाहून कापला. आम्हाला वाटलं, प्रश्न मिटला.

पण काकूंना साखरेचा आजार होता. हळूहळू तळपाय बधिर झाले. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात गुरुजींनी हात उचलला आणि काकू सुरूच करेनात. घूं चालूच. लोकांत चुळबुळ सुरू झाली. शेवटी काकू खाली वाकल्या, अँपवर तळहात ठेवला, सूर घेतला आणि तशाच वाकून गाणं पुरं केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

स्टेजवरून उतरताना त्या गुरुजींना म्हणाल्या, "अवो, आता त्याला गप करा. वाकून गायलेलं बरं दिसत न्हाय. हे गाणं ताठ उभं ऱ्हाऊन गायचं असतं."

गुरुजींनी बाकी कुणाचं ऐकलं नाही, काकूंचं ऐकलं. भर पावसाळ्यात, लाकडाला हात लावू नये अशा दिवसांत, ते बेस प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सुन्याकडे घेऊन गेले आणि म्हणाले, "बसव तो नवीन पिकअप." सुन्याने विकायचं विचारलंच नाही.

पुढच्या जयंतीला बेस अगदी मुका होता. सत्काराच्या वेळी गुरुजींनी दोन्ही हातांनी नारळ घेतला, वाकून नमस्कारही केला, आणि लोक हसले. मला हसू आलं नाही. काकूंचं गाणं मी म्हणायचं ठरलं होतं. काकू समोर पहिल्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या. गाण्याची वेळ झाली आणि गुरुजींनी सवयीने हात उचलला. आवाज नाही. हात तसाच वर राहिला.

तो हात काकूंना समोरून दिसला. त्यांनी चपला बाजूला सारल्या, खुर्ची धरून उठल्या, खुर्ची सोडली, ताठ उभ्या राहिल्या आणि गायला लागल्या. सूर नेहमीचा नव्हता, थोडा खाली होता. मी कीबोर्डवर तो शोधत बसले. गुरुजींना शोधावा लागला नाही. एवढी वर्षं काकूंनी त्यांच्याकडून सूर घेतला होता. त्यांनी मान वाकवून क्षणभर ऐकलं, तारेवरची बोटं एक घर खाली सरकवली आणि वाजवत काकूंच्या मागोमाग निघाले.