सात घरांचा होकार

नोकरी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी सात गोबर गॅस विकले. निदान साहेबांना मी तसं सांगितलं. प्रत्यक्षात एकही विकला गेलेला नव्हता, आणि ही गोष्ट त्या सातही घरांना पक्की ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त मला.

सत्तरच्या दशकातले दिवस. रॉकेलसाठी डबे घेऊन माणसं रांगेत उभी असायची, आणि आता खेड्यापाड्यांतल्या चुली शेणातल्या गॅसवर पेटणार, असं वरून ठरलं होतं. ते खाली सांगण्यासाठी एका संस्थेनं जी पोरं घेतली त्यांत मी एक. काम सोपं. सांगलीहून एस.टी.नं कुंडलच्या बाजूला जायचं, दावणीला चार जनावरं दिसली की त्या घरात शिरायचं आणि समजावून सांगायचं: अंगणात विटांचा आड बांधायचा, त्यात शेणाचा काला ओतायचा, वर लोखंडी टाकी पालथी घालायची. गॅस धरला की टाकी आपोआप वर येते आणि नळीतून शेगडी पेटते.

नोकरी कच्ची होती. मार्चअखेरपर्यंत माझ्या भागात एक तरी गॅस पेटता दाखवला तर कायम, नाही तर नमस्कार. नमस्कार झालाच तर पुढची सोयही लागलेली होती. साताऱ्याला माझ्या मेहुण्याचं भांड्यांचं दुकान होतं. "काही नाही जमलं तर दाजी बसतील की आमच्याकडं," असं तो लग्नाच्या पंगतीतच म्हणाला होता. आणि प्रेमानं म्हणाला होता, हे त्यातलं सगळ्यात वाईट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बायकोनं एकदाच स्पष्ट केलं, "माझ्या भावाच्या दुकानात तुम्ही घागरी पुसत बसलात तर मी माहेराला पाय लावणार नाही. भाऊबीजेलासुद्धा नाही."

ती बोललेलं करते, हे वर्षभरात माझ्या लक्षात आलं होतं.

तर मुद्दा असा, की कामावर जाण्याआधी आम्हाला साताऱ्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. शिकवणारे गृहस्थ मुंबईहून आले होते. टेरिलिनचा शर्ट, आणि चेहऱ्यावर एक हसू, जे त्यांनी जेवतानासुद्धा खाली ठेवलं नाही. मन प्रसन्न असेल तर काहीही विकलं जातं, असं त्यांचं म्हणणं. सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःला तीनदा बजावायचं, 'आज मी जिंकणार.' आणि सगळ्यांत महत्त्वाचं, "समोरचा जोवर तोंडानं 'नाही' म्हणत नाही, तोवर त्याचं उत्तर 'हो' आहे असं धरून चाला!" आम्ही टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच वाजवल्या.

आता मी काही मुंबईचा नव्हे. आमच्या भागात दारात आलेल्या माणसाला तोंडावर कुणी नाही म्हणत नाही, हे बाळकडू मलाही मिळालेलं होतं. 'बघू की' म्हणजे काय, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. पण माणूस शिकला की काय होतं बघा. जन्मभर कळत होतं ते तीन दिवसांत कळेनासं झालं.

पहिल्या घरी मालक म्हणाले, "लय चांगली वस्तू हाय की. बगू की!" मी मनात एक गॅस टिपून घेतला. दुसऱ्या घरी म्हणाले, "करून टाकू की एकदा. च्या घ्या." दुसरा झाला. तिसरे म्हणाले, "आवं, तुमी एवढं सांगलीस्नं आलाय, मग नको म्हणायचं व्हय?" मी म्हटलं, वा! सात घरं, सात चहा आणि सात होकार. परतीच्या एस.टी.त मी कंडक्टरकडेसुद्धा हसून बघितलं. त्यानं तिकीट पुन्हा तपासलं.

साहेब हरखले. ते स्वभावानं चांगले, पण उतावळे. चौथ्या दिवशी जीपमध्ये गवंडी, दोरी आणि फावडी घालून ते मला घेऊन गावात हजर.

पहिल्या घरचे मालक ओसरीवर पान लावत बसले होते. जीप बघून त्यांनी चुना जरा जास्तच लावला.

"या या, सायेब! आगं, च्या टाक!"

साहेब म्हणाले, "खड्डा कुठं मारायचा तेवढं दाखवा."

"मारू की. त्याला काय लागतंय? पर आज अमावास्या हाय."

"मग उद्या?"

"उद्या मालकीण म्हायारास्नं येती का बघतो."

तेवढ्यात मालकीण चहा घेऊन बाहेर आली. मालकांनी तिच्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "म्हंजी, जायाची हाय उद्या. मग येनार."

एवढं होऊनही 'नाही' म्हणाले नाहीत ते नाहीतच. दुसऱ्या घरी जागेची वाटणी व्हायची होती. तिसऱ्या घरी म्हैस गाभण होती. म्हशीचा आणि खड्ड्याचा संबंध साहेबांनी विचारला, तेव्हा "बगा की आता!" एवढंच उत्तर आलं. सातव्या घरचा चहा पिऊन आम्ही जीपमध्ये बसलो तेव्हा गवंडी डुलक्या घेत होता आणि साहेब हळू आवाजात बोलत होते. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"मला तुमचं हसणं नको," ते म्हणाले. "मला मार्चअखेर एक जाळ दाखवा. नाही तर मी काही करू शकणार नाही."

त्यानंतर मी जास्तच प्रसन्न झालो. दुसरा इलाजच नव्हता. पहाटे उठून आरशासमोर 'आज मी जिंकणार' सुरू केलं. बायकोनं दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातून विचारलं, "कुणाशी पैज लावलीय?" मी म्हटलं, मनाला उभारी देतोय. ती म्हणाली, "द्या, पण हळू. शेजारणीनं काल विचारलं, भावजी पत्त्यांच्या क्लबात जायला लागले का?"

गावात आता माझी अवस्था अशी, की मी दिसलो की माणसं लांबूनच "बगू की!" म्हणायची. नमस्काराऐवजी. एकच घर मी टाळत होतो. ते गावाच्या कडेला, आणि तिथं एक फटकळ म्हातारी राहायची. गाव तिला आक्का म्हणे. तिनंच एक दिवस मला हाक मारून गाठलं.

"काय इकतुयास रं गावभर?"

"गोबर गॅस, आक्का."

"म्हंजी शेणावर सैपाक?"

"शेणावर नाही, शेणातून जो वायू..."

"वायू शेणाचाच न्हवं? त्येचा वास भाकरीला लागंल त्येचं काय? आन् टाकी फुटली म्हंजी? आन् गवऱ्या थापायच्या न्हाईत तर मी दिसभर काय करू, सुनंचं त्वांड बघत बसू?"

मी शिकवल्याप्रमाणे हसत उभा होतो.

"आन् मगापासनं दात कशाला काढतुयास? दाढ दुखती का?"

तिनं चहा विचारला नाही. त्या गावात बिनचहाचा मी पहिल्यांदाच परतलो. पुढच्या खेपेला मी मागच्या बोळातून निघालो, तर ती तिथंही. "आरं ग्यासवाल्या, त्या टाकीला गंज धरतुया म्हनं! ऊनवाऱ्यात किती दिस टिकनार ती?" त्याच्या पुढच्या खेपेला, "थंडीत काला गोठला म्हंजी ग्यास यील का? का मग तुला पेटवायचा?"

ओसरीवर बसलेली माणसं हसली. त्या दिवशी माझी उभारी संपली. प्रसन्न राहण्याला एक हद्द असते, आणि ती आक्काच्या दारात होती. घरी येऊन मी बायकोला सांगून टाकलं, "भावाला कळव. मी येतो घागरी पुसायला."

तिनं परातीतलं पीठ मळता मळता विचारलं, "कोण काय बोललं?"

मी सगळं सांगितलं. टाकी, गंज, थंडी, दाढ. माझी कुणी तरी कीव करावी अशी फार इच्छा होती. ती पीठ मळायची थांबली.

"चहा दिला नाही तिनं?"

"नाही."

"आणि गंजाचं विचारलं?"

"विचारलं कसलं, माझी अब्रू काढली."

"अहो, ती घेणार आहे," ती म्हणाली. "आमच्या दुकानात जी बाई पातेलं उलटं करून टिचक्या मारते, 'हे कसलं पातळ पत्र्याचं' म्हणते, भावाशी भांडते, ती पातेलं घेऊन जाते. 'छान आहे हो' म्हणणारी चौकटीतूनच परत फिरते. दुसऱ्यांदा दिसत नाही. उद्या जा. आणि हसू नका."

गेलो. हसलो नाही. गंजाला रंग द्यावा लागतो हे खरं सांगितलं, थंडीत गॅस कमी येतो हेही खरं सांगितलं. फुटत नाही हे सांगितलं, आणि भाकरीला वास लागतो का, मला माहीत नाही, मी खाऊन बघितलेली नाही, असंही सांगून मोकळा झालो. आक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं पलीकडच्या भिंतीकडे मान वळवली. भिंतीपलीकडे तिची थोरली जाऊ राहायची, आणि तिकडून गाण्यांचा मोठा आवाज येत होता.

"त्या बयेनं रेडू घेतलाय. मला ऐकू जावा म्हणून भिताडावर ठिवती. तिच्या घरात ग्यास हाय का?"

"गावातच नाही, आक्का."

"मग खांद."

तिचा मुलगा गोठ्यातून आला आणि म्हणाला, "आये, एवढ्यात कशाला? बगू की."

"तू बगत बस," आक्का म्हणाली.

म्हणजे बघा, मनाची उभारी, आरसा, टेरिलिनचा शर्ट, यातल्या कशाचाही त्या विक्रीशी संबंध नव्हता. गॅस विकला तो रेडिओनं.

हिवाळाभर काम चाललं. आड बांधून झाला, टाकी बसली, काला भरला. रोज सकाळी आक्का टाकीकडे अशी बघायची, जशी दिवस गेलेल्या सुनेकडे बघावं. मार्चच्या सुरुवातीला टाकी वर आली. मी धावत जाऊन काडी लावली, तर काडीच विझली. मी तडक साहेबांना गाठलं. साहेबांनी सांगितलं, पहिला गॅस जळत नाही, तो सोडून द्यायचा असतो. प्रशिक्षणाचे अडीच दिवस हसण्यावर गेल्यामुळे तो भाग आमचा राहून गेला होता.

मार्च संपायला आला. साहेबांनी दिवस ठरवला. माझ्या डोक्यात आलं, जाळ सगळ्या गावानं बघितला पाहिजे, घरात कोंबून काय उपयोग? म्हणून मी लांब नळी लावून शेगडी भर अंगणात आणली आणि भर दुपारी बारा वाजता माणसं बोलावली. ती सातही घरं आली. भिंतीपलीकडची जाऊ येऊन सगळ्यांच्या पुढे बसली. आक्का मला कानात म्हणाली, "आज इज्जत घालवलीस तर ह्याच काल्यात बुडवीन."

मी चावी फिरवली, काडी ओढली, शेगडीला लावली. काही नाही. ऊन नुसतं रखरखत होतं. दुसरी काडी. काही नाही. तिसरीही लावली. शेगडी तशीच काळी.

साहेब घड्याळ बघू लागले. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. तेव्हा माझ्या मनात आलं, आता हसायचं नाही, 'येईल हो, पेटेल' असंही म्हणायचं नाही. मी उभा राहिलो आणि सगळ्यांना हात जोडले.

"नाही पेटला," मी म्हणालो. "साहेब, नाही. खोटं कशाला सांगू?"

त्या गावात तोंडावर 'नाही' म्हणणारा बहुधा मी पहिलाच. नळीत कचरा तरी अडकलाय का बघावं म्हणून मी शेगडीवर वाकलो.

"मिशी! आवं, मिशी पेटली!"

केस जळल्याचा वास आला आणि मी मागच्या मागे बसलो. जाळ केव्हाचाच पेटलेला होता. तो जाळ फिका निळा असतो आणि भर उन्हात अजिबात दिसत नाही. अंगणात हशाचा जो लोट उठला त्यात साहेबही होते. आक्का एकटी हसली नाही. तिनं मला कोपरानं बाजूला सारलं, "सरक रं," म्हणाली आणि शेगडीवर चहाचं आधण ठेवलं.

आधण उकळलं तसे सगळे पुढे सरकले. कप भरल्यावर मात्र पहिला घोट कुणी घेईना. शेवटी जाऊबाईंनीच कप उचलला. घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"साकर कमी हाय," त्या म्हणाल्या. "आन् शेगडी लय बारकी."

मी तोंडावर हात धरून त्यांच्या अंगणाकडे बघायला लागलो. खड्डा कुठं बसेल, याचा अंदाज घेत होतो. साहेबांनी कप रिकामा केला आणि पाठीवर थाप मारली. "उद्या ऑफिसला या. कायमचं करून टाकू."

सांगलीला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. उजवीकडची मिशी साफ गेलेली, डावीकडची जशीच्या तशी. बायकोनं दार उघडलं आणि आधी एकच शब्द विचारला, "नोकरी?"

"राहिली."

तिनं माझी हनुवटी धरून चेहरा आधी एकीकडे वळवला, मग दुसरीकडे, आणि म्हणाली, "उरलेलीही काढून टाका. डावीकडनं बघितलं तर नोकरी लागल्यासारखे दिसता, उजवीकडनं गेल्यासारखे. उद्या साहेबांच्या कुठल्या बाजूला बसणार आहात?"