आमच्या ड्रायव्हरमधली गळती

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये मी एका बाईला चारचौघांत नको नको ते बोलले. ती माझ्या शेजारच्या टेबलावरची, बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतलेली. तिने आमच्या कंपनीच्या ड्रायव्हर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये काही बदल केले आणि आठवड्याभरात ग्राहकांचे कॉम्प्युटर गोठायला लागले. "तू हात लावायच्या आधी सगळं नीट चालत होतं ना?" मी म्हटलं. वर, "झोप होत नसेल तर सांग तसं," हेही म्हटलं. माझी जीभ म्हणजे ना! साहेबांनी तेवढंच उचललं. येत्या सोमवारी ड्रायव्हरचं काम तिच्याकडून काढून घ्यायचं ठरलं.

शनिवारी सकाळी मी घोडपदेवच्या आमच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले, ती तिची चूक शोधून दाखवायलाच. कॉम्प्युटरला जोडलेल्या उपकरणाशी बोलणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. तो कर्नलमध्ये, सिस्टीमच्या अगदी पोटात चालतो. तिथे घेतलेली मेमरी आपणच परत करायची. नाही केली तर मशीन बंद करून चालू करेपर्यंत ती अडकून पडते. आमची मेमरी अशीच कुठेतरी गळत होती. तिचे बदल मी ओळ न् ओळ वाचले. घेतली, वापरली, परत केली. सगळं चोख! माझं डोकं भणभणायला लागलं.

तेवढ्यात बाबा तणतणत आत आले. चाळीच्या मंडळाच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असते. कुणाकडेही कार्य असलं की मोठी भांडी तिथूनच जातात. दुसऱ्या दिवशी सार्वजनिक सत्यनारायण, आणि दोन मोठी पातेली गायब.

"वरच्या मजल्यावर साखरपुड्याला नेली होती ना?" मी म्हटलं.

"तो साखरपुडो मोडलो ना गो!" बाबा कडाडले. "कार्य झाला तर लोक भांडी घासून आणून देतत. मोडला की कोणाक आठवण ऱ्हवता?"

अगं बाई! मी उडालेच. कार्य पार पडतं तेवढीच वाट मी तपासत होते. उपकरणाने उत्तरच दिलं नाही तर? कोडमध्ये भराभर खाली गेले आणि दिसलं: उपकरण गप्प बसलं, तर ड्रायव्हरने 'जमलं नाही' असं कळवायचं आणि निघून जायचं. घेतलेली मेमरी तशीच टाकून!

गप्प बसलेल्या उपकरणाला पुन्हा पुन्हा हाक मारणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि जुन्या लॅपटॉपवर सोडला. मोकळी मेमरी झरझर उतरली आणि चहा प्यायच्या आत लॅपटॉप ठार! तोही साध्या लॉगिनवरून. म्हणजे कसलेही जादा अधिकार नसलेला कुणीही मुद्दाम मशीन पाडू शकला असता. हा नुसता बिघाड नव्हता, सरळसरळ भगदाड होतं. "सापडलं!" मी ओरडले. बाबांना वाटलं, पातेली सापडली.

आता ही ओळ तिने कधी घातली ते पाहायचं, म्हणून मी कोडचा इतिहास उघडला. नाव माझं होतं. सहा वर्षांपूर्वीचं. तिच्या बदलामुळे ड्रायव्हर उपकरणाला जास्त वेळा हाक मारायला लागला, एवढंच. म्हणून माझी जुनी गळती चटकन वर आली.

माझी कानशिलं तापली. लाज वाटली, आणि खरं सांगते, सापडल्याचा आनंदही जाईना. मी तिला फोन लावला. मागे बाळ रडत होतं.

"चूक माझी आहे," मी एका दमात सांगितलं. "भगदाड सापडलंय."

"मेल वाचलास वाटतं माझा," ती म्हणाली.

"कुठला मेल?"

"गुरुवारचा. फक्त तुलाच पाठवलाय, दुरुस्तीसकट."

असं भगदाड सापडलं की आधी कोड लिहिणाऱ्याला गुपचूप कळवायचं, हा आमच्या धंद्यातला रिवाज. तिने तो पाळला होता. आणि मी आठवडाभर तिचे मेल रागाने उघडतच नव्हते.

"मग काल बोलली का नाहीस गं?"

"भगदाड बुजायच्या आधी सगळ्यांसमोर कसं बोलणार? तुला बाजूला घेऊन सांगणार होते," ती म्हणाली. "पण तू ऐकायला थांबलीस कुठे?"