मान दाखव बघू

"मान दाखव बघू." आमच्या अंधेरीच्या हॉस्पिटलात आयसीयूला नवी नर्स आली की तिथल्या मोठ्या डॉक्टर मॅडम नाव विचारायच्या आधी हे म्हणायच्या. मग स्टुलावर बसवून गळ्याला गारेगार जेल फासायच्या आणि सोनोग्राफीचं मशीन फिरवायच्या. मी तर किंचाळलेच होते. प्रत्येकीचा गळा आतून वेगळा असतो, हे त्यांना आम्हाला डोळ्यांनी दाखवायचं असे. तुम्हाला सांगते, आम्हाला एकमेकींचे वाढदिवस माहीत नव्हते, पण श्वासनलिका पाठ होत्या.

पेशंटच्या गळ्याला छेद देऊन श्वासाची नळी बसवायची, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी करायची, तर मॅडम आधी ते मशीन मागवणारच. एखादा तरुण सर्जन घड्याळ बघू लागला की म्हणायच्या, "बोटाला कातडी कळते रे, आतलं नाही कळत." तो बिचारा निमूट हातमोजे काढून उभा राहायचा.

वेसाव्याची एक मासळीवाली मावशी बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होती. मान आखूड आणि जाड. थिएटरपर्यंत हलवणंही धोक्याचं, म्हणून जे करायचं ते खाटेवरच. मुलाने एकच विचारलं, "आईचा आवाज जाईल का? तिचा धंदा आवाजावरच हाय." मॅडमनी खोटा धीर दिला नाही. नळी निघाली की आवाज बहुतेक परत येतो, म्हणाल्या, पण वचन देत नाही.

मशीन लावलं, तर नेहमी छेद देतो तिथेच एक शीर आडवी धडधडत होती. तिथे छेद गेला असता तर रक्त आवरलं नसतं. मॅडम मात्र हरवलेली किल्ली सापडावी तशा खूश. "बरं झालं दिसलीस, बाई," असं त्या शिरेला म्हणाल्या. मग जागा बदलली, पडद्यावर नजर ठेवून सुई आत नेली. नळी झकास बसली.

मावशी सुधारली. नळी निघाली आणि ती कुजबुजतच घरी गेली. त्याच सुमारास मॅडम निवृत्त होऊन मुलीकडे नाशिकला राहायला गेल्या. आवाजाचं पुढे काय झालं, ते त्यांना कळलंच नाही.

परवा दुपारी लिफ्टपासून आरोळी आली, "माझी डाक्टरीन कुठं हाय?" वॉचमन धावला. मावशी पापलेटांची पिशवी घेऊन उभी होती. मी मॅडमना फोन लावून तिच्या हातात दिला. ती सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी बोलत सुटली. थोड्या वेळाने फोन माझ्याकडे देत म्हणाली, "ती काय बोलतच नाय."

मी कानाला लावला. मॅडमना रडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.