खुशालरावांचा डावा पाय

गोदाबाईंनी नवऱ्याचा डावा गुडघा एरंडाच्या पानांनी हजारदा शेकला होता, पण त्या पायानं बॉल मारताना त्यांना कधी पाहिलं नव्हतं. लग्न झालं तेव्हा लढाई होऊन गेली होती आणि खुशालराव लंगडत हिवरखेडला परतले होते.

त्याआधीचं सगळं ऐकीव. अकोल्याला शिकायला ठेवलेला शेतकऱ्याचा पोरगा, अनवाणी फुटबॉल खेळणारा. डावीकडून बॉल घेऊन निघाला की समोरच्यांनी नुसतं बघत राहायचं. खेळ पाहूनच एका सुभेदारानं त्याला फौजेत ओढलं. पलटणीच्या संघात पहिल्यांदा बूट घातले, तर म्हणे बॉलपेक्षा बूटच जड. मग एकाहत्तरची लढाई लागली. जखमी सोबत्याला खांद्यावर घेऊन धानाच्या बांधावरून पळताना तोफगोळ्याचा तुकडा गुडघ्यात घुसला. सोबती वाचला, पायही वाचला, खेळ गेला. पुढे त्याच पायानं खुशालरावांनी जन्मभर वखर हाकला.

कोणी 'लंगडा फौजी' म्हटलं तर गोदाबाई भर बाजारात सुनवायच्या, "तुहे तं दोन्ही पाय धड हायेत, तू कुठं गेला व्हता रे लढाले?"

यंदा गावात पहिल्यांदाच फुटबॉलचे सामने ठेवले. पहिली किक खुशालरावांची, असं ठरलं. गोदाबाईंनी ठेवणीतलं लुगडं काढलं. आणि आदल्या दिवशी मुलगा विपुल म्हणाला, "बाबा, तुमी खुर्चीवर बसा. किक आमच्या मंडळाचे अध्यक्ष नत्थुजी मारतीन. गुडघा निसटला मंग?"

खुशालराव भाकर मोडत राहिले. गोदाबाईंनी मात्र पोराच्या ताटात भाकर जरा जोरातच टाकली.

मैदानावर हौशी मंडळींनी दसऱ्याला अवजारं पुजतात तसा बॉल पाटावर मांडून पुजला. हळद, कुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. नारळ फुटला. नत्थुजींनी चप्पल काढली, पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"कुंकू लावलेल्या वस्तूले लात कशी मारू बाप्पा?"

"पुसून टाका नं," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"पूजा पुसतेत काय?"

"मंग दुसरा बॉल घ्या."

"त्याच्यासाठी नारळ कुठं फोडला?"

खुशालराव खुर्चीवरून उठले. "नत्थुजी, नांगराचीबी पूजा करता नं? मंग वावरात नेत नाई काय? आमी फौजेत रायफल पुजत होतो. पूजा केली म्हंजे कामाले लावाच लागते."

विपुल धावत आला. "बाबा, उजव्यानं मारा निदान!"

"उजवा उभं राह्याले हाय."

त्यांनी वाकून बॉलला हात लावला, कपाळाला टेकवला, बॉल पाटावरून उतरवला. लंगडत मागे सरले आणि डावा पाय फिरला. बॉल जमिनीलगत वळण घेत निघाला. गोलकीपरनं आधी गंमत म्हणून वाट अडवली, मग खरंच झेप घेतली. तोवर बॉल जाळीत होता. मैदान ओरडलं. विपुलनं बापाला धरलं. गुडघा लटलट कापत होता, पण म्हातारा ताठ उभा.

"झालं बाबा, बसा आता."

बायांच्या घोळक्यातून गोदाबाई उठल्या. नवऱ्याला थंडीत ओसरीची पायरीही एकट्यानं उतरू न देणारी ती बाई सगळ्या गावासमोर म्हणाली,

"आहो, गर्दीत मले नीट दिसलं नाई. आनखी एक मारा."