चूलबंद आवतन

पुण्याला निघालो त्या दिवशी माझी ट्रंक ओट्यावर तयार होती आणि माझे वडील, आबा, मला घेऊन गल्लीत फिरत होते. मायने भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला होता. शहाद्याहून येणारी बस आमच्या प्रकाशा गावाच्या फाट्यावर थांबते ती घटकाभरच, आणि आम्ही अजून दारोदार सांगतच होतो. प्रत्येक दारात आबांचं एकच वाक्य: "पोऱ्या पुनाले चालना, नोकरीले." मग आतून कोणीतरी येई, माझ्या डोक्यावर हात ठेवी, पाणी घे म्हणे. मी घाई केली तेव्हा आबा म्हणाले, "सांगीसन जाय रे. नही तं लोके म्हनतीन, घरमा भांडन व्हयनं, पोऱ्या निंघी गया."

बस मिळाली. माझी चिडचिड मात्र पार धुळ्यापर्यंत टिकली.

पुण्यात मी यंत्रांचे सुटे भाग मोजण्याच्या कामाला लागलो. मापात बसला तर पुढे, नाही बसला तर बाजूला. आजही तपासणी विभागातच आहे. मला नेमकेपणा आवडतो, म्हणून हे शहर मला मानवलं. इथे वेळ सांगितली की वेळ पाळतात. पण ज्यांनी माझ्यासारखं गाव सोडलं आहे त्यांना ठाऊक असेल, पहिली काही वर्षं रविवार फार मोठा वाटतो. सकाळी भाजी आणून झाली की पुढे दारावरची बेल वाजायचं काही कारण नसतं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. समोरच्या दारातल्या कुलकर्णी काकूंशी आमची ओळख लिफ्टपुरतीच होती.

विज्ञानाच्या व्याख्यानांचा शोध माझ्या बायकोने, सुनंदाने, लावला. आमची मुलगी मुक्ता तेव्हा तिसरीत होती. महिन्यातून एका रविवारी एका सभागृहात कोणीतरी अभ्यासक येऊन साध्या मराठीत बोलत. बाहेरच्या व्हरांड्यात मुलांसाठी टेबलं मांडलेली असत. एकीकडे सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा, दुसरीकडे साबणाचे फुगे, तिसरीकडे कागदाची रॉकेटं. पोस्टरवर लिहिलेलं असे, 'सर्व वयोगटांसाठी, प्रवेश विनामूल्य, कुटुंबासह या.' आम्ही कुटुंबासह गेलो आणि जातच राहिलो. खरं सांगायचं तर सुरुवातीला मी विज्ञानासाठी गेलो नाही. रविवारी चार माणसांत बसायला मिळतं म्हणून गेलो. तिथे येणाऱ्यांपैकी निम्मे तरी त्यासाठीच येत असावेत असा माझा अंदाज आहे, मोजलेलं नाही. चहाच्या वेळी लोक एकमेकांना विचारत, "तुम्ही मूळचे कुठले?"

मुक्ता सातवीत असताना तिथे नद्यांवर एक व्याख्यान झालं. बोलणारे भूगर्भशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी विचारलं, "महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात. उलटी, पश्चिमेला जाणारी कोण?" मुक्ताचा हात वर गेला. "तापी. बाबांच्या गावाजवळून जाते." मग त्यांनी वाळूच्या ट्रेमध्ये दाखवलं. दोन बाजूंना डोंगर, मधली जमीन फार जुन्या काळी खचलेली, आणि त्या खचलेल्या लांबट खळग्यातून पाणी मावळतीकडे निघालेलं. मी त्या नदीत पोहायला शिकलो होतो. तिच्या काठच्या देवळात लांबून येणारे यात्रेकरू पाहिले होते. उत्तरेला सातपुडा रोज दिसायचा. पण ती तशी का जाते हा प्रश्न मला पडला नव्हता, आणि उत्तर मिळालं ते पुण्यातल्या पंख्याखाली.

त्या दिवशी आणखी एक शब्द माझ्या कानात राहिला. 'बाबांच्या गावाजवळून.' लहानपणी मुक्ता 'आपलं गाव' म्हणायची. ते कधी बदललं, कळलं नाही. पुढे पुढे ती सरळ 'तुमचं गाव' म्हणू लागली. तिचंही चुकत नव्हतं. वर्षातून काही दिवस जायचं, तेही आजारीपणात किंवा लग्नात, आणि तिला तिथलं बोलणं अर्धंच कळायचं.

मी फोनवर आबांना नदीचं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "तापी मावळतीले जास, हाई आम्हले माहीत शे. पन काबर जास, हाई कोन्ही इचारंच नही. तुन्ही आंडेरले आठे आन. तिले सांगू दे." आंडेर म्हणजे मुलगी. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना पुण्यापर्यंतचा प्रवास झेपत नव्हता. नातीला चार लोकांत उभं राहून बोलताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मुक्ता लगेच तयार झाली. प्राध्यापकांना विचारून तिने ट्रे बनवला, आणि दिवाळीनंतर आम्ही प्रकाशाला गेलो.

आता माझं नियोजन. मी पुण्यात पाहिलं होतं तसंच केलं. छान पोस्टर बनवलं: 'आपली तापी मावळतीला का वाहते?' गावच्या मोबाइल ग्रुपवर टाकलं, देवळाजवळ आणि चहाच्या टपरीवर चिकटवलं. शाळेचं आवार मागून घेतलं. गावातल्या मंडपवाल्या सलीमभाईंकडून शंभर खुर्च्या आणल्या. शंभर म्हणतो, पण त्यातल्या दोन मोडक्या होत्या.

संध्याकाळी ठरल्या वेळेला तिथे आबा होते, माय होती, आम्ही तिघं होतो आणि सलीमभाई. थोड्या वेळाने दोन माणसं आली, ती शाळेच्या नळाचं पाणी प्यायला. सलीमभाई मला धीर द्यायला म्हणाले, "भाऊ, खुर्च्या तं बठी गयात. मानसं कवय येतीन?"

मुक्ता हसली नाही. ट्रेमधली वाळू ती पुन्हा पुन्हा सारखी करत होती. अंधारून आलं तेव्हा तिने ट्रेवर कापड टाकलं आणि मला म्हणाली, "बाबा, जाऊ द्या. तुमच्या गावाला नकोय ते."

घरी परतताना शेजारचे जिभाऊ ओट्यावर बसलेले दिसले. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी. कुठे निघालात म्हणून विचारलं, तर तेच माझ्यावर उखडले. "आम्ही तं हातपाय धोईसन बठेल व्हतूत. म्हनं, आते येई बलावाले, मंग येई. तू काही उनाच नही!"

"जिभाऊ, मोबाइलवर टाकेल व्हतं ना."

"मोबाइलवर तं रोज सकायले गुलाबनं फूल बी येस. ते काय आवतन शे का?"

माय मागून येत होती. तिने कपाळावर हात मारला. "तू घरोघर फिरनाच नही का?" मी म्हटलं, पोस्टरवर लिहिलं होतं ना, सर्वांसाठी म्हणून. तेव्हा तिने मला, पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाला, लहान मुलासारखं समजावलं. "एकनं सांगं तं एक येई. चूलबंद सांगं तं समदं घर येई. पन चूलबंद सांगं म्हंजे रांधनं पडी."

हे मला माहीत होतं. याच गावात वाढलो मी. लग्नाचं आवतन द्यायला माणूस दारात आला की आतून प्रश्न यायचा, "एकनं का चूलबंद?" चूलबंद म्हणजे त्या घरात त्या वेळी चूल पेटवायची नाही, म्हातारीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांनी यायचं. पुण्यात मी 'कुटुंबासह या' वाचून जायला शिकलो होतो, आणि दारात जाऊन सांगायचं विसरलो होतो. गावाने पाठ फिरवली नव्हती. गाव हातपाय धुऊन बसलं होतं.

मुक्ताने सगळं ऐकलं. रात्री जेवताना ती आजीला म्हणाली, "मग उद्या मी सांगायला जाते. मला वाक्य शिकव."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा काठी घेऊन निघाले, बरोबर मुक्ता. मी मागे. आबांचं चालणं हळू झालं आहे, त्यात प्रत्येक दारात चहा. मुक्ता म्हणायची, "सांजले शाळाना आंगनमा या. चूलबंद." उच्चार असा काही व्हायचा की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि तिला पुन्हा म्हणायला लावायच्या. "तू कोन्ही आंडेर वं?" "इतली बारीक कशी? पुनाले जेवाले देतस नही का?" दोनतीन दारांनंतर ती आबांच्या पुढे चालू लागली. कडी वाजवायला तिला मजा येत होती.

घरी सुनंदा आणि माय मोठी पातेली काढून बसल्या होत्या. खिचडी आणि कढी. कोणी न बोलावता गल्लीतल्या चारजणी विळ्या घेऊन आल्या.

संध्याकाळी खुर्च्या पुरल्या नाहीत. सलीमभाई ओरडले, "आते जमीन शे ना, बठा खाले!" त्यांचंही घर आलं होतं, सुनांसकट. मुक्ता शाळेतल्या मराठीत बोलली. सुरुवातीला आवाज कापत होता. पण ट्रेच्या एका टोकाला तिने पाणी सोडलं आणि ते दोन वाळूच्या डोंगरांमधून मावळतीकडे निघालं, तेव्हा पुढची पोरं उभी राहिली आणि मागून मोठी माणसं त्यांच्यावर ओरडली.

पुण्यात प्रश्नांना थोडाच वेळ असतो. इथे प्रश्न खिचडीच्या पंगतीत सुरू झाले. एका आजीने विचारलं, "मंग आते जमीन आखो खचनार का?" मुक्ता म्हणाली, "मला माहीत नाही आजी. सरांना विचारून आबांना फोनवर सांगते." आजीला ते पटलं. "इचारीसन सांग बरं," असं तिने दोनदा बजावलं. काही लोक नुसते खिचडीला आले होते हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पुण्यातही काही लोक चहाबिस्किटाला येतात.

आबांनी जेवण झाल्यावर ट्रे मागवून घेतला. त्या ओल्या वाळूतून बोट फिरवत म्हणाले, "इतला वरीस तिना काठे बठनू. आज समजनं." मुक्ता त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली होती. त्यांचं बोट चुकीच्या टोकाकडे गेलं की ती हळूच वळवत होती.

पुण्याला परतल्यावर ती प्राध्यापकांना भेटली आणि आबांशी फोनवर पुष्कळ वेळ बोलली. जमिनीचं उत्तर त्या आजीपर्यंत पोचलं. तेव्हापासून आबा फोन करतात ते तिला, मला नाही.

परवा त्यांचा फोन आला तो मात्र सगळ्यांसाठी होता. जिभाऊंच्या नातवाचं लग्न आहे. "जिभाऊ आवतन दी गया. चूलबंद. मी इचारं, पुनावाला बी का? तो म्हने, आबा, तुन्हा घरमा जितला शेतस, तितला समदा."

मुक्ताने फोनजवळ तोंड नेलं. "म्हणजे आबा, त्यात मला पण धरलं ना?"

"तुले पहिले धरं," आबा म्हणाले.

मी इतकी वर्षं घर म्हणजे कुठलं यावर बराच विचार केला आहे. पुण्याचा पत्ता सगळ्या कागदांवर आहे, आणि तो खरा आहे. पण आमच्या नावाचं आवतन अजून आबांच्या दारात दिलं जातं, आणि तिथे आम्ही तिघंही धरलेले असतो. मला तेवढं पुरतं.

आज सकाळी आम्ही लग्नाला निघालो. सुनंदाने खिडक्या लावल्या, मुक्ताने गॅस बंद केला. मी बॅगा घेऊन लिफ्टपाशी उभा होतो, बसची वेळ होत आली होती, आणि ही पोरगी समोरच्या दाराची बेल वाजवत होती. कुलकर्णी काकू घाबऱ्याघाबऱ्या बाहेर आल्या. "काय गं, काही झालं का?"

"नाही काकू. आम्ही आमच्या गावाला चाललोय, प्रकाशाला. सांगायला आले."

काकूंनी दार पूर्ण उघडलं. मग त्या म्हणाल्या, "थांब जरा, पाणी तरी घेऊन जा." लिफ्ट आली आणि रिकामी खाली गेली. मी घाई केली नाही.